पाहुण्यापुढे काय ठेवावे?

आमच्या मंडळ्यांतील एका उपदेशकास एका तरुण गृहस्थाने अलीकडे असा प्रश्न केला की, नव्या घराच्या प्रार्थनेनंतर पाहुण्यांस जेवण द्यावयाचे आहे. त्यांत पुण्याहून येणारे सोबती आहेत, कचेरीतले साहेब आहेत. तर त्यांच्यापुढे कोणती बिअर ठेवावी? सौम्य की कडक, की दोन्ही? उपदेशकास चटकन उत्तर सुचेना. "देऊच नका" म्हणावे, तर तो तरुण म्हणे, "तशी आज्ञा शास्त्रात दाखवा." आणि "द्या" म्हणावे, तर जीभ वळेना. हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही. लग्न, बाप्तिस्मा, नाताळ, नोकरीतील बढती अशा प्रसंगी सेलू, मानवत, गंगाखेड, जिंतूर या बाजूच्या अनेक ख्रिस्ती घरांत हल्ली तो निघू लागला आहे. म्हणून त्याचा शांतपणे व शास्त्राच्या उजेडात विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. "कोणती बिअर?" हा बाजाराचा प्रश्न होय, आणि त्याचे उत्तर दुकानदार देईल. परंतु "यजमानाने पाहुण्याचे काय देणे लागते?" हा धर्माचा प्रश्न होय. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

पाहुणचार ही ख्रिस्ती माणसास सोपवलेली पवित्र सेवा आहे. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम तंबूच्या दारी बसला असता तीन पुरुष येतात. तो धावत जातो, पाय धुण्यास पाणी आणवितो, झाडाखाली बसवितो, आणि भाकरी, दही, दूध व कोवळे वासरू त्यांच्यापुढे ठेवून स्वतः जवळ उभा राहतो. इब्री लोकांस पत्र लिहिणाराही सांगतो की, पाहुणचार करता करता कित्येकांनी नकळत देवदूतांचे आदरातिथ्य केले. आमच्या या गोदाकाठच्या मुलखातही ही गोष्ट लोकांस निराळी शिकवावी लागली नाही. उन्हातून आलेल्या माणसापुढे गुळाचा खडा व तांब्याभर पाणी ठेवल्यावाचून त्याला "कसे आलात?" असे न विचारण्याची चाल आमच्या आजोबा-पणजोबांची होती. तेव्हा पाहुण्यास काही प्यावयास द्यावे की नाही, हा वादच नाही. त्याच्या भल्याचे काय द्यावे, एवढाच प्रश्न आहे.

आता त्या तरुणाने विचारलेली गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. द्राक्षारसाचा प्रत्येक थेंब पाप आहे, असे पवित्र शास्त्र म्हणत नाही. गालीलातील काना येथील लग्नात आपल्या प्रभूने पाण्याच्या सहा दगडी रांजणांचा द्राक्षारस केला (योहान २). तो आंबवलेला नव्हताच, असे सांगून काही उपदेशक सुटका करून घेतात. परंतु त्या लग्नातील भोजनकारभाऱ्याचे बोलणे लक्ष देऊन वाचले, तर त्या स्पष्टीकरणाने मनाचे समाधान होत नाही. शास्त्राला आपल्या सोईप्रमाणे वाकवून चांगली गोष्ट सिद्ध करणे, हेही चांगले नव्हे. पौल तीमथ्यास पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगतो. जर्मनीत मार्टिन लूथर याची पत्नी कातरिना घरीच बिअर गाळीत असे, आणि त्या मेजाशी बसून अनेक शिष्यांनी धर्मशिक्षण घेतले. म्हणून जे देवाने सर्व काळी व सर्व देशी निषिद्ध ठरविले नाही, ते निषिद्ध आहे असे आपण मंडळीला शिकवू नये.

पण "निषिद्ध नाही" एवढ्याने "उचित आहे" असे ठरत नाही. एकाच कृत्याचा अर्थ देशपरत्वे बदलतो. काना गावी द्राक्षारस हे रोजच्या जेवणाबरोबरचे पेय होते. ते संपले म्हणजे गरीब यजमानाची गावात लाज जाई, आणि प्रभूने ती लाज झाकली. परभणीच्या मुलखात जेवणाचे पेय म्हणजे पाणी व ताक. दारू येथे जेवणाच्या पंगतीतून आली नाही; ती गुत्त्यातून आली. निजामाच्या राज्यात आबकारी हे सरकारी उत्पन्नाचे एक मोठे साधन होते; शिंदी व दारू विकण्याचे गुत्ते लिलावाने दिले जात. १९४८ साली ते राज्य गेले, पण गुत्त्याची सावली गेली नाही. आमच्या वाडवडिलांपैकी किती जणांनी दिवसभराची मजुरी संध्याकाळी तेथे ओतली, आणि किती मायबहिणींनी रिकाम्या चुलीपुढे रात्र काढली, हे येथील प्रत्येक जुन्या ख्रिस्ती घराला ठाऊक आहे. पुष्कळ घरांत तर येशूवर विश्वास ठेवला याची पहिली खूण गावाला हीच दिसली की, त्या घरचा पुरुष संध्याकाळी शुद्धीवर घरी येऊ लागला. ती साक्ष आपण कोणत्या किमतीला विकावी?

यावर कोणी म्हणेल, "बिअर म्हणजे काही दारू नव्हे, ते जवाचे हलके पेय आहे." हा समज फार पसरला आहे, म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहू. जवाला मोड आणून, वाळवून, शिजवून व आंबवून बिअर करतात, हे खरे; परंतु आंबवल्याने जो मद्यार्क तयार होतो तो व्हिस्कीत असतो तोच. ६५० मिलिलिटरच्या कडक बिअरच्या बाटलीत शेकडा ८ प्रमाणे मद्यार्क धरला, तर तो ५२ मिलिलिटर होतो. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या एका पेगात शेकडा ४२.८ प्रमाणे तो सुमारे १३ मिलिलिटर असतो. म्हणजे कडक बिअरची एक बाटली चार पेगांच्या बरोबरीची झाली. जो म्हणतो, "मी फक्त एक बाटली घेतली," त्याच्या रक्ताला "फक्त" हा शब्द ठाऊक नसतो. कर्करोगाचे संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत गणले. आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की, आरोग्यास सर्वस्वी निर्धोक असे मद्याचे प्रमाण नाही. ही गोष्ट तीमथ्याच्या काळी कोणास ठाऊक नव्हती. आपणांस ठाऊक आहे, आणि जितके ज्ञान अधिक तितकी जबाबदारीही अधिक.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. स्वतः पिणे व दुसऱ्यास पाजणे ही दोन निरनिराळी कृत्ये आहेत. जो स्वतः पितो, तो आपल्या शरीराचा व आपल्या विवेकाचा जाब देईल. जो पाजतो, त्याला दुसऱ्याचाही जाब द्यावा लागतो. हबक्कूक संदेष्टा आपल्या शेजाऱ्यास पाजून त्याला बेहोश करणाऱ्यावर हायहाय उच्चारतो (२:१५). तेथे दोष पिणाऱ्याच्या नव्हे, तर ओतणाऱ्याच्या माथी आहे.

आणि आम्हां मराठी लोकांच्या पाहुणचारात एक विशेष गोष्ट आहे. तिचे नाव आग्रह. आमच्याकडे पाहुणा "नको" म्हणतो तेव्हा यजमान ते खरे मानीत नाही. "अहो, एवढे तरी घ्या," "माझ्यासाठी घ्या," "आमच्या घरचे चालत नाही का?" असे म्हणत तो वाढतच राहतो. पुरणाच्या पोळीपुरते हे गोड आहे. फार तर पोट जड होईल. परंतु ज्या घरात "नको" या शब्दाला किंमत नाही, त्या घरात मद्याचा पेला फिरला, तर काय होईल? पाहुण्याचा होकार हा निम्मा त्याचा व निम्मा यजमानाचा असतो. साहेबांनी दिला म्हणून कारकून घेतो, सासऱ्याने दिला म्हणून जावई घेतो, थोरल्याने दिला म्हणून धाकटा घेतो. अशा ठिकाणी "ज्याची त्याची मर्जी" असे म्हणणे म्हणजे आपण केलेल्या कृत्याची जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे होय.

कोणी म्हणेल, "मी आग्रह करणार नाही, नुसते मेजावर ठेवीन." एस्तेरच्या पुस्तकाचा पहिला अध्याय त्याने वाचावा. अहश्वेरोश राजाने मोठी मेजवानी दिली. द्राक्षारस विपुल होता, आणि कोणावर सक्ती करू नये, ज्याच्या त्याच्या मर्जीप्रमाणे द्यावे, असा राजाचा हुकूम होता. याहून उदार यजमान कोठे मिळेल? तरी त्या मेजवानीचा शेवट कशात झाला? सातव्या दिवशी राजाचे मन द्राक्षारसाने उल्हासले, तेव्हा त्याने आपल्या राणीला जमलेल्या पुरुषांपुढे दाखविण्यासाठी बोलाविले. ती आली नाही. आणि तिचे राणीपद गेले. प्याले पुरुष, आणि किंमत दिली घरातल्या स्त्रीने. हा हिशेब शूशन राजवाड्यात जसा झाला, तसाच आमच्या वस्त्यांतही होतो.

म्हणूनच आमच्या राज्यातील खेड्यापाड्यांच्या स्त्रियांनी या कामी जे धैर्य दाखविले, ते मंडळीने आदराने पाहावे. महाराष्ट्र सरकारच्या नियमाप्रमाणे गावातील स्त्रिया मागणी करून गुप्त मतदान घडवून आणू शकतात. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चिन्हे असतात, आणि स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवी बाटली निवडली, तर दुकान बंद होते. आमच्या बहिणी उन्हात रांगेत उभ्या राहून जी बाटली आडवी करितात, ती आम्ही प्रार्थनेनंतरच्या मेजावर उभी करावी काय?

तिसरी गोष्ट दुर्बळ बंधूची. पौलाने करिंथ व रोम येथील मंडळ्यांस जे लिहिले, ते नेमके अशाच प्रश्नावर, म्हणजे मेजावर काय यावे यावर होते. मांस खाण्यास स्वतः पौलास हरकत नव्हती, तरी आपल्या खाण्याने बंधू अडखळणार असेल, तर ते कधीही न खाण्यास तो सिद्ध होता (१ करिंथ. ८:१३). रोमच्या मंडळीस लिहिताना तर त्याने मांसाबरोबर द्राक्षारसाचेही नाव घेतले (रोम. १४:२१). समजा, तुमच्या घरी वीस पाहुणे आले. त्यांपैकी एकाने दहा वर्षांपूर्वी मोठ्या कष्टाने व अश्रूंनी दारू सोडली आहे. तो हे कोणास सांगत नाही, का सांगावे? त्याच्यापुढून तबक जाते. बाटलीवरचे पाण्याचे थेंब त्याला दिसतात, वास येतो. बाकीच्या एकोणीस जणांची ती घटकाभराची मौज. त्या एकाचा तो रणसंग्राम. आणि ही लढाई कोणत्या गुत्त्यात चालली नसून देवाच्या लोकांच्या घरात, उपासनासंगीताचे सूर विरण्याच्या आत चालली आहे. तो एक कोण, हे यजमानास ठाऊक नसते. ठाऊक नसते म्हणूनच प्रत्येक पाहुणा तोच आहे, असे समजून मेज मांडावे लागते.

चौथी गोष्ट गरिबाची. आज जो रिवाज सधन घरात आवडीने सुरू होतो, तो उद्या गरीब घरात सक्तीने जातो. आजपर्यंत आमच्या मंडळ्यांत बिअर न दिल्याने कोणाची लाज गेली नाही. परंतु चार सुशिक्षित घरांनी ती ठेवावयास आरंभ केला, की पाचव्या घरची आई विचार करू लागेल, "आपण नाही ठेवली तर लोक काय म्हणतील?" मग ऊसतोडीच्या उचलीतून किंवा सावकाराकडून ते पैसे येतील. काना येथे प्रभूने गरीब यजमानाची लाज झाकली. आपण मात्र गरीब यजमानासाठी नवी लाज निर्माण करावी, हे त्याच चमत्काराच्या नावाने कसे शोभेल? रिवाज मोडणे कठीण, पण तो सुरूच न करणे सोपे आहे. आणि सांप्रत आपण त्या सोप्या वेळेत आहो.

रिवाज मोडण्याचेही धैर्य दाखविणारे लोक आपल्या महाराष्ट्रात झाले आहेत. वऱ्हाडातील गाडगे महाराज (१८७६-१९५६) यांच्या वडिलांचा दारूने नाश केला होता. मुलीच्या बारशाला जातीच्या चालीप्रमाणे मटण व दारू द्यावी, अशी भाऊबंदांची अपेक्षा असता त्यांनी गोडाचे जेवण घातले. कुरकूर झाली, पण पाने वाढली गेली व लोक जेवले. जोतीराव फुले यांनी पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षण घेतले होते. १८८० साली त्यांनी पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध आवाज उठविला. या दोघांनी ख्रिस्ताचे नाव धारण केले नव्हते. ज्यांनी ते धारण केले आहे, त्यांनी यांच्याहून मागे राहावे काय?

आता दोन आक्षेप राहिले. "आम्ही दिली नाही, तर पाहुणे उठून धाब्यावर जाऊन पितील." जावोत, तो त्यांचा मार्ग त्यांनी निवडलेला असेल. शेजारी विहिरीत उडी घेणारच आहे, म्हणून त्याला आपल्या आडात उडी घेऊ द्यावी, असे कोणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप, "साहेब नाराज होतील." साहेबांनाही घर आहे, मुले आहेत. यजमान नम्रतेने व हसतमुखाने म्हणाला, "आमच्या घरी ही चाल नाही, साहेब, पण आज आमच्या आईच्या हातचे जेवण जेवून पाहा," तर सज्जन मनुष्य रागावत नाही, उलट त्या घराबद्दल त्याच्या मनात आदर वाढतो. बाटलीवाचून जो स्नेह टिकत नाही, तो स्नेह बाटलीशी होता, तुमच्याशी नव्हता. शिवाय कायद्याचीही आठवण असू द्यावी. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आमच्या राज्यात मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, आणि एकवीस वर्षांखालील मुलास बिअरसुद्धा देता येत नाही. घरच्या समारंभात कॉलेजात जाणारी मुले तबकाभोवती असतातच.

येथवर जे सांगितले त्याचा कोणी असा अर्थ करू नये की, पिणाऱ्यास आपल्या दारात उभे करू नये. तसे केले तर आपण परूश्यांच्या पंक्तीस जाऊन बसू. प्रभूला लोक खादाड व दारुडा म्हणाले (मत्तय ११:१९), ते तो पापी लोकांच्या मेजाशी बसला म्हणूनच. पौलानेही सांगितले की, विश्वास न ठेवणाऱ्याने जेवावयास बोलाविले, तर जावे. कोणी पिऊन आला, तर त्याला हाताशी धरून बसवावे, जेवू घालावे, आणि सुखरूप घरी पोचवावे. ज्या मेजावर बिअर नाही पण तिरस्कार वाढलेला आहे, ते मेजही प्रभूचे नव्हे. आपण पेय नाकारतो, माणसाला नाकारीत नाही. हा भेद यजमानाच्या डोळ्यांत दिसला पाहिजे.

दुसऱ्याच्या घरी आपण पाहुणे असलो तर काय करावे? यिर्मयाच्या पस्तिसाव्या अध्यायात रेखाबी लोकांपुढे खुद्द संदेष्ट्याने परमेश्वराच्या मंदिरातील खोलीत द्राक्षारसाचे घडे ठेवून "प्या" म्हटले. स्थळ पवित्र, देणारा पवित्र. तरी ते शांतपणे म्हणाले की, आम्ही पीत नाही, आमच्या पूर्वजाची तशी आज्ञा आहे. त्यांनी यजमानाला दोष दिला नाही, व्याख्यानही दिले नाही. देवाने त्या निष्ठेची वाखाणणी केली. आमच्या तरुणांनी एवढे वाक्य पाठ करावे: "आमच्या घरी घेत नाहीत, मला पाणी द्या." आणि आमच्या यजमानांनी एवढा नियम पाळावा की, पाहुण्याचे पहिले "नको" हे खरे "नको" समजावे, मग ते कोणत्याही पदार्थाविषयी असो.

मग पाहुण्यापुढे ठेवावे काय? उन्हाळ्यात पन्हे, जिरे घातलेले ताक, लिंबाचे सरबत; थंडीत आल्याचा चहा; उसाच्या दिवसांत ताजा रस. हे सर्व आपल्याच शेतमळ्यांतून येते, लहान मूल व म्हातारे माणूस एकाच तबकातून ते घेऊ शकतात, आणि प्याल्यानंतर कोणाची बायको रात्री घाबरत नाही. जे पेय पंगतीतल्या सर्वांना एकत्र घेता येते, तेच ख्रिस्ती मेजाचे पेय होय. कारण प्रभूच्या मेजाची खूणच ही आहे की, तेथे कोणी वगळला जात नाही.

शेवटी पाण्याविषयी एक शब्द. एप्रिल २०१६ मध्ये मराठवाडा तहानेने व्याकूळ झाला होता. मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी आणावे लागले. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील बिअर व मद्याच्या कारखान्यांचे पाणी निम्म्याहून अधिक कमी करण्याचा हुकूम केला. आधी माणसाचा घसा, मग बाटली, असा तो न्याय होता. ज्या मुलखाने घागरभर पाण्यासाठी रात्री जागविल्या, त्या मुलखात पाण्याचा पेला ही हलकी भेट नव्हे. प्रभूने पाण्याच्या एका पेल्याचे प्रतिफळ बुडणार नाही असे वचन दिले (मत्तय १०:४२), ते नुसत्या थंड पाण्याविषयीच. म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, मेज मांडण्यापूर्वी पत्नी-पतीने मिळून प्रार्थना करावी आणि मनास एवढेच विचारावे: "आज प्रभू स्वतः पाहुणा होऊन आला, व त्याच्याबरोबर त्याने आपल्या सर्वांत दुर्बळ लेकराला हाताशी धरून आणले, तर हे तबक मी दोघांपुढे निर्भयपणे नेईन काय?" जे तबक त्या दोघांपुढे नेता येईल, ते आनंदाने न्यावे. जे नेता येणार नाही, ते आत असू नये. तुमची घरे व तुमची मेजे प्रभू आशीर्वादित करो.

— एक पाळक, परभणी जिल्हा